बांधाकडचा पिंजरा

"बूडच नाही? अगं, बिनबुडाचा पिंजरा कधी कुणी बघितलाय का?" गुण्या सुतारानं हातातला रंधा फळीवर आपटला. "उद्या म्हणशील, बिनपायांची खाट करा."

"मी सांगितली तर तीही करा," लेक म्हणाली. "अहो अप्पा, ससे गवतावर बसले पाहिजेत. खाली फळी ठोकली तर गवत काय फळीतून उगवणार आहे? रोज सकाळी पिंजरा त्याच्या लांबीइतका पुढं ओढायचा. कालचं खाल्लेलं मागं राहतं, आजचं कोवळं पुढं येतं. लेंड्या मागं पडतात, त्यांचंच खत होतं. महिन्याभरात तिथं पुन्हा गवत."

"आणि उकरून पळाले म्हणजे? ससे आहेत ते. तुझा पिंजरा बघून हात जोडून बसणार नाहीत."

"आतल्या कडेनं वीतभर जाळी आडवी मारा. कडेला उकरायला गेले की नखांना तार लागेल. मधे उकरेनात का, मधून कुठं जातायत? पिंजरा ओढला की पायानं खड्डा बुजवायचा, माती दाबायची. झालं."

गुण्या पुटपुटत कामाला लागला. त्याचं खरं नाव बायकोच्या उखाण्यात होतं, ते तिच्याबरोबर गेलं. काटकोन बघायचं सुतारांचं हत्यार असतं ना, गुण्या, तेच नाव गावानं त्याला चिकटवलं होतं. डोळ्यानं बघून सांगायचा, चौकट सूतभर कललीय. आणि जीभही तशीच. कुणाचं काम वाकडं दिसलं की तोंडावर सांगायचा, मग तो पाटील असो की पाहुणा. खोटं बोललेला त्याला कुणी ऐकला नव्हता. म्हणून तर चार माणसं त्याला वचकून असायची आणि चाळीस माणसं टाळायची.

पहिली चौकट त्यानं केली ती दाराची करावी तशी. जाडजूड, सागवानी, खिळ्याऐवजी खुंट्या मारलेली. लेकीनं एक टोक उचलायला बघितलं, ते वीतभरसुद्धा हललं नाही.

"शंभर वर्षं हलणार नाही," गुण्या मिशीत हसला.

"रोज हलवायचाय तो, अप्पा! मला एकटीला ओढता आला पाहिजे."

"मी आहे की ओढायला."

"तुम्ही आहात तोवर आहात." बोलून गेली आणि तिनंच जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी गुण्यानं पातळ पट्ट्या चिरायला घेतल्या. अर्ध्यावर पत्रा, अर्ध्यावर जाळी, मागच्या टोकाला दोन लहान चाकं, पुढं दोरी. आठ दिवसांत चार पिंजरे उभे राहिले. शेजारचा गवंडी कुंपणावरून बघून म्हणाला, "गुण्या, बिनबुडाचे लोटे मी पुष्कळ बघितले, पिंजरे पहिल्यांदाच बघतोय." गुण्यानं त्याला सांगितलं, तुझ्या भिंतीपेक्षा हे सरळ आहेत. गवंडी घरात गेला.

एवढा खटाटोप कशासाठी, तर चिमीसाठी. चिमी म्हणजे लेकीची लेक, चार वर्षांची. जावई तापानं गेला त्याला सात महिने झाले होते. तेरा दिवस सरले तसा सासरा म्हणाला, "तू जरा बापाकडं जाऊन सावर. पोरगी इथं राहू दे." ते 'जरा' काही संपेना. मागून कानावर यायला लागलं की सासरा चारचौघांत म्हणतो, सुनेचा पाय पांढरा आहे, घरात आली आणि माझा मुलगा गेला. म्हणजे मेला तो तापानं आणि दोष हिच्या पायाला! जाऊ बिचारी मनानं चांगली, पण तिला मूलबाळ नव्हतं. तिनं चिमीला उराशी धरलं. चार वर्षांचं लेकरू ते. ज्या हातानं घास भरवला त्या हाताचं झालं. फोनवर एकदा काकूला 'आई' म्हणताना लेकीनं स्वतःच्या कानानं ऐकलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

एकाच गोष्टीला चिमी फोनजवळ यायची. सशाला.

"पिल्लं आहेत?"

"होतील गं. झाली की येशील माझ्याकडं?"

"हो. मऊ पिल्लं. हातात घेणार."

त्या एका 'हो'वर लेकीनं चार माद्या आणि एक नर आणला. चारही माद्या पांढऱ्याशुभ्र, एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी. विहीर आणि बांध यांच्यामधल्या पडीक पट्टीत चार पिंजरे, एकेकीला एक, शेजारी शेजारी लावले; नराला अंगणात वेगळं खोकं. सकाळ झाली की लेक दोरी खांद्यावर घ्यायची आणि एकेक पिंजरा पुढं ओढायची. गुण्या मागनं पायानं खड्डे बुजवत जायचा. सुतार माणूस, नुसती माती लोटून त्याचं भागायचं नाही. टाचेनं दाबायचा, वर तळवा फिरवून बघायचा, सपाट झालं की नाही. असे दीड महिने गेले. लेकीच्या चेहऱ्यावर जरा पाणी आलं.

एका गुरुवारी सकाळी ती सासरी जायला निघाली. एक मुक्काम करून परत येणार होती.

"अप्पा, सगळे पिंजरे ओढा, बांधाकडचा तेवढा हलवू नका. ती व्यायला आलीय. मी आले की उद्या संध्याकाळी तिला गवताची पेटी ठेवते."

"बांधाकडचा नाही हलवायचा. समजलं."

आणि खरंच समजलं होतं. आता नीट ऐका, कारण घोटाळा झाला तो इथं. दुपारी विहिरीवरची मोट, म्हणजे आता पंपच, पण म्हणायची सवय, चालू झाली आणि पाटाचं पाणी फुटून विहिरीकडच्या पिंजऱ्यात शिरायला लागलं. ससे भिजले की मेले. गुण्यानं तो पिंजरा घाईघाईनं ओढला, बाकीच्या तिघांना वळसा घातला आणि पार पलीकडं, बांधाला लागून, कोरड्या गवतावर नेऊन ठेवला. शाबासकीचं काम केलं. पण त्यामुळं जो सकाळी विहिरीकडचा होता, तो आता बांधाकडचा झाला.

ह्या गावात जन्मभर माणसांनी वस्तूला जागेवरनं नाव दिलं. बांधाकडची पट्टी, वाटेकडचं झाड, उत्तरेकडची खोली. कारण पट्टी उठून चालत नाही, झाडही नाही. गुण्याच्या उभ्या आयुष्यात त्यानं केलेली कुठलीही वस्तू जागा सोडून गेली नव्हती. चालणारी वस्तू त्यानं ही पहिलीच केली, आणि नाव मात्र तिला जुन्याच रीतीचं पडलं.

शुक्रवारी सकाळी त्यानं बांधाकडच्या पिंजऱ्याला हात लावला नाही. इमानेइतबारे. बाकीचे तीन ओढले. एकाच्या मागं मधोमध माती उकरून वर आलेली होती, आत पांढरी लव दिसत होती. त्याला वाटलं, केस गळतायत जनावराचे. त्यानं टाच लावली. एकदा दाबलं, दोनदा दाबलं, वर तळवा फिरवला. सपाट.

त्या पिंजऱ्यातली मादी दिवसभर मागच्या जाळीला धडका देत होती. तारेवर नखं घासत होती. "वेडी झालीस का गं? पुढं बघ की, कोवळं गवत पुढं आहे," असं म्हणून गुण्यानं तिला पालासुद्धा टाकला. तिनं तोंड लावलं नाही.

संध्याकाळी लेक आली ती वाऱ्यावर आल्यासारखी. "अप्पा, रविवारी आणतायत चिमीला! मामंजी तयार झाले. पिल्लं झाली असतील तर राहते म्हणाली आठ दिवस. आठ दिवस राहिली ना, तर मग बघते ती कशी जाते!" पिशवी तशीच टाकून ती पट्टीत धावली. आणि थांबली.

"ही इथं कशी?"

"कोण?"

"व्यायला आलेली! हिचा कान बघा, टोकाला फाटलाय. बांधाकडचा हलवू नका म्हटलं होतं ना मी!"

"नाहीच हलवला. तो काय, जागच्या जागी आहे."

लेकीनं बांधाकडं बघितलं, विहिरीकडं बघितलं, पाटाच्या चिखलात उमटलेल्या चाकांच्या चाकोऱ्या बघितल्या. मग पिंजऱ्यात हात घालून मादीचं पोट चाचपलं. पोट रिकामं होतं.

"अप्पा... काल ही कुठल्या जागेवर होती?"

जागा सापडायला वेळ लागला. खड्डा दिसेल तर ना! गुण्यानंच शेवटी बोट केलं. लेकीनं हातानं माती उकरली. वीतभर खाली मादीनं स्वतःच्या छातीची लव उपटून केलेलं अंथरूण होतं, आणि त्यात सहा पिल्लं. करंगळीएवढी, डोळे मिटलेली. एकालाही धुगधुगी नव्हती. तिनं एकेकाला ओंजळीत घेऊन तोंडाची वाफ दिली, चोळलं, पुन्हा वाफ दिली. गुण्या बघत उभा राहिला.

"तुम्ही पायानं दाबलं होतं का हो?" वर न बघता तिनं विचारलं.

गुण्याच्या ओठांवर 'हो' आलं होतं. देवाशपथ आलं होतं. पण लेकीचे ते मातीनं भरलेले हात त्यानं बघितले.

"नाही," तो म्हणाला. "मादीनंच बुजवलं असणार. मी नाही हात... पाय लावला."

"मग थंडीनं गेली. आई वरून निघून गेली ना." लेक तिथंच बसली. "पेटी मी आधीच ठेवायला हवी होती. माझंच चुकलं. मामंजी म्हणतात ते काय खोटं आहे? जिथं मी पाय ठेवते तिथं हेच होतं."

ह्यावरही गुण्या गप्प राहिला. माणसानं खोटं बोलावं, तर त्याला सवय तरी असावी. ह्यानं जन्मात एक बोललं, आणि ते काही त्याच्या गळ्याखाली उतरेना. शनिवारभर त्यानं पटाशीला धार लावली. धार लावून लावून ती पटाशी पार झिजवली.

रविवारी दहाच्या सुमारास व्याही आले. मागं जाऊ, तिच्या कडेवर चिमी. झालरीचा फ्रॉक, तेल लावून घट्ट वेण्या. लेकीनं हात पुढं केले तशी चिमीनं काकूच्या मानेत तोंड खुपसलं.

"जा की, तुझीच आई आहे," जाऊ म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण म्हणाली बिचारी.

"पिल्लं कुठं आहेत?" चिमीनं काकूलाच विचारलं.

"पिल्लं..." लेक म्हणाली. "पिल्लं गेली गं राणी. पुन्हा होतील."

"गेली म्हणजे कुठं गेली?"

"मेली," व्याही म्हणाले. अंगणातल्या बाकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मला वाटलंच होतं. राग मानू नका गुण्याभाऊ, पण मी तोंडावर सांगतो. हिचा पायगुणच तसला. माझा मुलगा गेला. इथं मुकी जनावरं आणली, तर त्यांचीही तीच गत. आता हिच्या हातात मी नात कुठल्या भरवशावर देऊ? चला सूनबाई, पाणी प्यायलं की निघू."

लेक खाली मान घालून उभी. तिला ते पटलंच होतं, आणि तेच गुण्याला बघवेना.

"व्याहीबुवा, बसा," तो म्हणाला. "पायगुण तिचा नाही. पाय माझा. ती म्हणाली होती तो पिंजरा मी हलवला. पिल्लं मातीत होती. मी टाच लावून दाबली. एकदा नाही, दोनदा. तेव्हा ती इथं नव्हती, तुमच्याच दारात बसली होती पोरीसाठी. आणि तिनं विचारलं तेव्हा मी नाही म्हणून सांगितलं. खोटं बोललो. सहा जीव मी मारले, आणि माझ्या लेकीला दोन दिवस स्वतःला शिव्या घालू दिल्या. आता बोला, कुणाचा पाय पांढरा?"

व्याह्यांनी टोपी उचलली, पुन्हा ठेवली. लेकीनं मान वर केली आणि बापाकडं बघत राहिली.

चिमी काकूच्या कडेवरनं उतरली. चार पावलं पुढं आली. गुण्याच्या पायांकडं बघितलं, मग तोंडाकडं.

"तुम्ही पिल्लांवर पाय दिला?"

"दिला गं."

"मुद्दाम?"

"नाही. पण दिला."

पोर किंचाळली. अशी किंचाळली की गवंडी कुंपणापाशी धावत आला. काकू मागं राहिली होती, आजोबा बाकावर होते. मधे जी उभी होती तिच्याकडं ती धावली आणि तिच्या कमरेला मिठी मारली.

"आई! आई, मला उचल! ते पाय देतात! आई!"

लेकीनं तिला उचललं. अंगात बळ कुठलं आलं कुणास ठाऊक, पण असं उचललं की आता कुणाच्या बापाची सोडवून घ्यायची हिंमत नव्हती. जावेनं एकदा हात पुढं केला, मग तोच हात स्वतःच्या तोंडावर धरला आणि ती फाटकाकडं वळली. व्याही बराच वेळ खाकरत होते. शेवटी म्हणाले, "राहू दे आठ दिवस. तिचे कपडे उद्या पाठवतो." आणि निघाले.

अंगणात तिघंच राहिली. गुण्या एक पाऊल पुढं आला तशी चिमीनं पाय वर ओढून घेतले आणि पुन्हा रडायला लागली.

"तुम्ही नाही म्हणाला होता," लेक हळूच म्हणाली.

"हो."

"मी तुमच्यावर एवढा विश्वास..." ती चिमीच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "अप्पा, तुम्ही जरा कामाच्या खोलीत बसता? ही झोपली की जेवायला हाक मारते. तोवर समोर येऊ नका."

"नाही येत. सावकाश झोपू दे तिला."

तो खोलीत गेला, दार ओढून घेतलं. भुशावर बसला. भिंतीपलीकडं चिमीला झोप येत नव्हती. आई, पाणी दे. आई, वेणी सोड. आई, ते आजोबा येणार नाहीत ना? "नाही गं, नाही येणार," लेक प्रत्येक वेळी सांगत होती. दुपार कलली, कुणाची हाक आली नाही. गुण्याला भूक लागली होती, डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरत होतं, आणि तो भिंतीला कान लावून मनात म्हणत होता, विचार गं पोरी, 'आई' म्हणून अजून एकदा विचार.