बिट्टीचं झाड

माझ्या झाडाला कुणी हात लावला की माझं डोकंच फिरतं. खोटं कशाला बोलू? माहेरी फुलांचा मळा, तिथंच वाढले मी. माझ्या पोराला, सोमनाथला, अंबडच्या कंपनीत नोकरी लागली अन् आम्ही कॉलनीत राहायला आलो, तेव्हा टेम्पोत भांड्यांच्या आधी मी रोपं चढवली.

मधुमालती लाडावलेली, कुंपणावर नुसती लोळत असते. मोगरा भारी मानी, एक दिवस पाणी चुकलं की रुसला. बिट्टी मात्र गुणाची बाई. काही मागत नाय, अन् बारा महिने शंकराला पिवळी फुलं देते.

सून योगिनी सारखी मागं लागायची, "आई, ते झाड विषारी आहे, काढून टाकू या." मी म्हणायची, "आमचं अख्खं घर बिट्टीखाली वाढलं, कोण मेलं गं?" शेजारची पोरं फुलं तोडायला आली की मी काठी घेऊन धावायची. नातीलाही सोडलं नाय. छाया सहा वर्षांची. एकदा तिनं कळ्या तोडल्या, तर पाठीत असा धपाटा घातला की पोरगी दिवसभर हुंदके देत होती.

अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात, भर दुपारी छायाला उलटी झाली. उन्हाचं झालं असेल म्हणून मी फडकं धुवायला मागं गेले. धुण्याच्या दगडावर बिट्टीची फळं ठेचलेली. टरफलं पडलेली, अन् आतल्या बिया गायब. मी तशीच आत धावले.

"छाये, खाल्लंस का हे? बोल!"

"नाय खाल्लं."

"खरं बोल, नायतर फोडून काढीन!"

"नाय गं आजी!" पोरगी भिंतीकडं सरकली.

शेजारच्या केरूभाऊंच्या रिक्षात घालून नाक्यावरच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी नाडी धरली अन् कपाळाला आठ्या घातल्या. किती खाल्लं, कधी खाल्लं, परत परत विचारलं. छाया माझ्याकडं बघायची अन् मान हलवायची. योगिनी रडायला लागली.

डॉक्टर मला म्हणाले, "आजी, तुम्ही जरा बाहेर थांबा."

"मी का म्हणून? माझी नात हाय ती!"

"म्हणूनच."

असा राग आला म्हणता! पण गेले. पडद्याच्या अलीकडं उभी राहिले. आतून बारीक आवाज आला, "दोन बिया खाल्ल्या. बदामासारख्या दिसत होत्या. आजीला नका सांगू."

मग एकच धावपळ. त्याच रिक्षातून मोठ्या दवाखान्यात नेलं, नाकातून नळी घालून पोट धुतलं, छातीला वायरी लावल्या. नाडी मधेच अडखळत होती. दोन दिवस मी वऱ्हांड्यात बसून होते. देवाचं नाव घ्यायलाही जीभ रेटेना. त्याला रोज कोणती फुलं वाहत होते, तेच आठवायचं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता धोका नाय. योगिनीनं मला आत बोलावलं. पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं. मी जवळ गेले, डोक्यावरून हात फिरवायला हात उचलला, तर तिनं डोळे गच्च मिटले अन् खांदे आवळून घेतले.

"आजी, मी फळं तोडली नाय गं," ती म्हणाली. "खाली पडलेलीच घेतली होती."

माझा हात तसाच राहिला. योगिनी खिडकीबाहेर बघत होती.