बोडीतली लाली

“मी सांगतो ते तुमच्यातल्या एकीले जरी खोटं वाटलं, तं ही मिशी आत्ताच्या आत्ता उतरवून देतो!”

भय्याजी रंगाऱ्याचा हात मिशीवर होता, पण नजर पार्वताबाईच्या हातातल्या लोखंडी सब्बलीवर. अठ्ठ्याहत्तरचा उन्हाळा. करडी गावच्या सात-आठ बाया भर दुपारी त्याच्या भट्टीपाशी येऊन ठाकल्या होत्या. सूत रंगवून उरलेलं पाणी नालीनं बोडीत जाई, आणि गावाचं ते एवढंसं तळं, ती बोडी, आटता आटता कुंकवासारखी लाल झाली होती. म्हशी तोंड लावत नव्हत्या. आज भट्टी फोडायचीच, असं ठरवून बाया आल्या होत्या. भट्टी गेली की भय्याजी गेला. साठी उलटलेल्या त्या माणसाला दुसरं येत काय होतं?

“लौकर सांगा,” पार्वताबाई म्हणाली. “सब्बल जड हाये.”

“मंगळवारची गोष्ट. असंच ऊन. बोडीवर गेलो, तं पाण्यात माही गोदावरी बसली. सुताची लडी पिळून राहिली. कोपरापावतर हात लालभडक.”

एकीनं पदर तोंडाशी नेला. भय्याजीच्या बायकोला, गोदावरीला, जाऊन तीन वर्षं झाली होती. शेवटच्या आंघोळीलाही तिच्या हातांचा रंग उतरला नव्हता, तो याच बायांनी घासून पाहिला होता.

“मी म्हनलो, अवो, आता तरी आराम कर. तं म्हने, कसा करू? तुमी रंग सोडता, मी धुऊन राहिली. पानी निवळत नाई तोवर मले सुटका नाई.”

“मंग?” शेजारची सून उषाबाई पुढं सरकली.

“मंग तिनंच इलाज सांगतला. धानाचं तूस जाळा. पांढरी राख होऊ देऊ नोका, काळं असतानीच पानी शिंपडून विझवा. बुडाले भोक पाडलेल्या मडक्यात दाबून भरा, अन् रंगाचं पानी वरून सोडा.”

भय्याजीनं तिवईवर असं तूस भरून ठेवलेल्या मडक्यात लाल पाण्याचा गडवा रिकामा केला. बाया वाकून बुडाकडं बघत राहिल्या. बऱ्याच वेळानं पहिला थेंब पडला. विहिरीच्या पाण्यासारखा नितळ.

“रंग कुठं गेला?” पार्वताबाईनं हळूच विचारलं.

“तिच्यासंगं. ती आता त्या तुसात बसली हाये. काही फोडाल तं बाहेर येईन. मंग मले बोल लावू नोका!”

सब्बल खाली टेकली.

टप्. टप्. पिळलेल्या लडीतून शेवटचं पाणी गळावं तसे थेंब पडत होते. मंगळवारची ही गोष्ट भय्याजीनं सकाळी बासी भात खाता खाता रचली होती. तरी त्याच्या मानेवर काटा उभा राहिला. मडक्याच्या पोटात कुणीतरी लांब श्वास ओढला. तुसातून पाणी उतरतं तेव्हा असाच आवाज होतो, हे त्याला ठाऊक होतं. पण ठाऊक असून काय? गेली तीन वर्षं तो दुपारचा बोडीकडं एकटा फिरकला नव्हता.

उषाबाईनं मडक्यात हात घातला, चिमूटभर काळं तूस बोटांवर चोळलं आणि त्याच्या तोंडासमोर धरलं.

“खोटं! साफ खोटं, मामाजी! मेल्यावर कायले सांगतीन मामीजी? जिती असतानी रोज हेच करत होती. मिलातून तुसाचं टोपलं मीच आनून देत होती. तुमी म्हनत, हे बायकायचं खूळ, अन् ती गेली तशे तिचे मडके उकिरड्यावर फेकले तुमी! भट्टी नोका फोडू, पार्वताबाई. पन आता तुसाचं टोपलं यायच्याच डोक्यावर येऊ द्या!”