पहिल्या पान्याचा मान

मागची चाकं: बाहेर

सकाळपासून विजयश्री गाडी मुद्दाम चुकीची लावत होती.

म्हणजे त्या घडीला चुकीची नव्हती. ऊन कडक होतं, डांबर तापलं होतं, वळणावळणावर रबराचा काळा पट्टा बसला होता. अशा कोरड्या, चिकट ट्रॅकवर गो-कार्टची मागची चाकं बाहेर सरकवतात, पुढची आत घेतात, टायरात हवा कमी ठेवतात. कुणीही जाणता माणूस हेच करील. चुकीचं होतं ते दुपारसाठी. आणि दुपारी काय होणार ते तिला सकाळीच कळलं होतं, कारण वाऱ्याला कांद्याचा वास होता.

चाकणचा बाजार ट्रॅकच्या पूर्वेला. पावसाळाभर वारा लोणावळ्याकडून येतो, तेव्हा तो वास इकडे फिरकत नाही. परतीचा पाऊस मात्र उलट्या बाजूने येतो. आधी कांदा, मग ढग, मग पाणी. पूर्वेचं आभाळ अजून धुतल्या ताटासारखं होतं. बाकीचे सगळे पश्चिमेकडे बघून निर्धास्त होते.

तिने मागचं चाक आणखी थोडं बाहेर सरकवलं. सगळ्यांना दिसेल असं, सावकाश.

नियम

खंडेनवमीला पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत यंत्रं थांबतात. लेथला झेंडूचा हार, प्रेसला हळदकुंकू, कामगार नव्या शर्टात. त्या सुट्टीला ज्योतीरामअण्णांच्या ट्रॅकवर रेस असते. जमीन एमआयडीसीत गेली, उरली तिच्यावर अण्णांनी हा ट्रॅक बांधला. रेसिंगच्या संघटनेचे नियम त्यांनी कधी उघडून पाहिले नाहीत. त्यांचा स्वतःचा एकच:

"हत्यार पूजंला बसलं की बसलं. मग दुसऱ्या दिवसापत्तोर पाना उचलायचा न्हाई. ऊन पडू द्या न्हाईतर गारा पडू द्या, हाय तशी गाडी पळवायची."

दुपारी चौरंगावर एकेक टीम आपले पाने आणून ठेवते. ज्याने ठेवले त्याची गाडी तिथेच गोठली. ज्याचा नंबर यायचा असेल त्याला तोवर मुभा. टायर सगळ्यांना एकाच जातीचे, ऊन-पाऊस दोन्हीला चालणारे कडक; ते बदलायची भानगड नाही. फरक पडतो तो चाकांच्या अंतराचा आणि हवेचा.

पहिला पाना ठेवायचा मान मोठा. चिठ्ठी काढून ठरतो. अण्णा फेटा बांधतात, फोटो निघतो. तोटाही त्याचाच सगळ्यात मोठा, पण उन्हात तोटा कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही.

वीत

"काय विजू, हुंगतेयस काय कुत्र्यासारखी?"

निरंजन. हातात चहाचा कागदी कप, अंगात कंपनीचा टी-शर्ट. एका मोठ्या सुट्या भागांच्या कारखान्याच्या टीमचा तो प्रमुख, ड्रायव्हरही तोच.

"कांद्याचा वास येतोय," ती म्हणाली. खरं तेच सांगितलं.

"भज्यांचा बेत दिसतोय!" तो हसला. "तुझी पोरगी कशी चालवतेय? वळणं जमतात का?"

"जमतात."

"यंदा बोल्ट आवळलेत ना सगळे?"

आजूबाजूचे दोघंतिघं हसले. निरंजनही हसला आणि बोलता बोलता त्याचा मोकळा हात मागच्या टायरवर टेकला. अंगठा गाडीच्या सांगाड्याच्या नळीला, करंगळी टायरच्या कडेला. एक वीत आणि दोन बोटं. मग पुढे जाऊन तिथेही तसाच टेकला.

"चल, भेटू," म्हणून गेला.

स्वरूपा हेल्मेटची काच पुसत होती. भोसरीची, कॉलेजात शिकणारी, विजयश्रीच्या गाडीची ड्रायव्हर. "ताई, तो मोजून गेला."

"जाऊ दे."

"आता स्वतःच्या गाडीला तसंच लावेल."

"लावू दे."

स्वरूपाने तिच्याकडे पाहिलं. "मला जिंकायचंय. तुम्हाला त्याला हरवायचंय. गाडी एकच आहे ना, ताई?"

विजयश्री समोर बघत होती. समोरच्या तंबूत निरंजनचा मेकॅनिक नवनाथ चाकाच्या हबचे बोल्ट सैल करत होता, आणि निरंजन त्याला वितीने दाखवत होता: एवढं बाहेर.

ढिला बोल्ट

तळवड्याच्या एका शेडमध्ये दोघांनी मिळून पहिली गाडी बांधली होती. ती लावायची, तो चालवायचा. त्याला ट्रॅक कधी वाचता आला नाही. विजयश्रीला वाचायला मात्र तो शिकला. ती वाकून डांबराला तळवा लावायची आणि तिचा चेहरा बघून त्याला कळायचं, आज काय.

मग एक पावसाची रेस. ती म्हणाली, मागची चाकं आत घेते. तो म्हणाला, राहू दे, सुकेल ट्रॅक. सुकला नाही. शेवटच्या वळणावर गाडी वळलीच नाही, नाकासमोर गेली ती भिंतीत. खांद्याचं हाड मोडलं.

दवाखान्यातून त्याने सगळ्यांना एकच सांगितलं: स्टीअरिंगचा बोल्ट ढिला राहिला होता, विजूकडून. ती धावत ट्रॅकवर गेली तोवर गाडी टेम्पोत भरून भंगारात गेलेली. कुणी पाठवली? त्याच्याच माणसांनी.

सहानुभूती त्याला मिळाली. मग कंपनी मिळाली. तिला नाव मिळालं. ढिला बोल्ट. समोर कुणी म्हणत नसे. गाड्या येणं तेवढं बंद झालं. ज्या हाताने आवळलेला बोल्ट कधी सुटला नाही, त्या हातात कुणी आपलं पोर द्यायला तयार होईना. शेवटी आली ती स्वरूपा. का आली विचारल्यावर म्हणाली होती, "दुसरं कुणी मुलीला गाडीत बसवत नाही."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. विजयश्री तो केस तेव्हापासून जपून होती.

चिठ्ठी

अण्णांनी तांब्यात हात घातला, चिठ्ठी काढली, डोळ्यांजवळ नेली.

"पैला मान... विजयश्रीताई!"

टाळ्या कमी पडल्या. कंपनीच्या तंबूत मोठे साहेब, श्रीपादसर, खुर्चीत जरा पुढे आले आणि मागे टेकले. ते खास फोटोसाठी आले होते. निरंजनचा चेहरा पडला.

पूर्वेला, बाजाराच्या पत्र्यांमागे, एक मळकट रेघ उठली होती.

विजयश्री चौरंगापाशी गेली. पदराला हात पुसतात तसे तिने ओव्हरऑलला हात पुसले.

"अण्णा, मान निरंजनला द्या. त्यांचे साहेब आलेत एवढ्या लांबून."

"आगं, पर तुझी चिठ्ठी हाय."

"माझी आहे म्हणूनच देते. मी शेवटी ठेवीन."

निरंजन उठला तो हात जोडतच. जवळून जाताना हळूच म्हणाला, "शहाणी झालीस गं." तिने मान खाली घातली. ओठ आवळून धरले, हसू फुटेल म्हणून.

फेटा बांधला गेला. नारळ फुटला. निरंजनचे चकचकीत पाने लाल कापडावर ओळीने बसले, त्यांना हळद लागली, कुंकू लागलं, झेंडूचं फूल पडलं. साहेबांनी नमस्कार केला. फोटो निघाला.

गोठली.

मागची चाकं: आत

ती चालत आली. पळाली नाही.

मागची आत. पुढची बाहेर. पुढची चाकं ज्यावर वळतात तो खुंटा तिरपा. सीट वर. हवा भर.

"ताई, हे तर सगळं..."

"पंप मार."

गो-कार्टची मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट असतात, एकाच वेगाने फिरतात. वळताना आतलं चाक निमिषभर जमिनीवरून उचललं गेलं पाहिजे, नाहीतर गाडी सरळच जाते. कोरड्यात डांबरच गाडीला धरतं, चाक आपोआप उचललं जातं. ओल्यात पकड नसते, ते उचलायला लावावं लागतं. मागून अरुंद, पुढून रुंद. मागून रुंद ठेवलेली गाडी पावसात आडमुठ्या बैलासारखी. मान वळते, धड वळत नाही.

दुसरी टीम पाने ठेवत होती. तिसरी. वारा पडला.

निरंजन फेट्यातच आला. थांबला. विजयश्रीचा पाना चालताना त्याने पाहिला, मग वर पाहिलं. पश्चिमेला, सवयीने. तिथे काही नव्हतं. मग सावकाश मागे, पूर्वेला वळला.

"विजू."

ती बोल्ट आवळत होती.

"विजू, हे काय करतेयस?"

"सांगितलं होतं. कांदा."

तो चौरंगाकडे धावला. "अण्णा, दोनच मिनिटं, फक्त मागचं..."

"पूजंतलं हत्यार उचलतोस? साहेबांम्होरं?"

श्रीपादसरांनी वळून पाहिलं. निरंजनने हात मागे घेतला.

एक घडी अशी आली. विजयश्री त्या घडीत पुरती हजर होती. तो भिंतीत जाऊ शकतो, हे तिला दिसत होतं. स्वरूपाला तिने सांगितलं, "रबराच्या काळ्या पट्ट्यावर जाऊ नकोस, ओलं झालं की साबण आहे तो. बाहेरून फिर, खडबडीतून." हेच चार शब्द त्यालाही सांगता आले असते. दहा पावलांवर उभा होता.

तिने पाने गोळा केले आणि शेवटच्या नंबरला चौरंगावर ठेवायला गेली.

ओलं

झेंडा पडला तेव्हा थेंब. पहिल्या फेरीत सर. दुसरीत पुढचं दिसेना.

स्वरूपा बाहेरून. सगळे आतून, पट्ट्यावरून, आणि सगळे

घसरत.

स्वरूपा बाहेरून. आतलं चाक उचललं, टेकलं. उचललं, टेकलं. शिवणयंत्राच्या सुईसारखं.

निरंजन पुढे होता. इंजिन त्याचं चांगलं. सरळ रस्त्यावर तो पळायचा, वळणावर स्टीअरिंग पुरतं फिरवायचा आणि गाडी ऐकायची नाही. दोनदा ओढून आणली. शेवटच्या वळणाला स्वरूपा बाहेरून शेजारी आली, त्याने तिच्याकडे पाहिलं, चाकं वळवली, आणि गाडी

सरळ.

टायरांच्या भिंतीत धप्प.

विजयश्री भिंतीकडे बघत होती. तो उठला, फेकल्यासारखं हेल्मेट काढलं, शिव्या घातल्या. हातपाय धड होते. तिला बरं वाटलं. मेलेल्या माणसाकडून काही वदवून घेता येत नाही.

घट्ट

"फसवलं हिने!" निरंजन पावसात ओरडत होता. भोवती सगळे जमले. साहेब छत्रीखाली. "सकाळपासून चाकं बाहेर ठेवून दाखवली, मुद्दाम! आणि मान मला देऊन मागाहून आत घेतली!"

अण्णांनी डोक्यावरचं पोतं सारखं केलं. "घेऊ दे की. तिची गाडी हाय."

"पण आम्ही तिच्यावरनं..."

तो थांबला. उशीर झाला होता.

"तिच्यावरनं?" अण्णा म्हणाले. "एवढी मोठी कंपनी तुमची, आन् चाकं ढिल्या बोल्टवाल्या बाईची बघून लावता व्हय?"

कुणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. निरंजनने इकडे तिकडे पाहिलं, आणि तोंडातून जुनंच वाक्य निघालं.

"तसं नाही, सर. स्टीअरिंग लागलंच नाही. बोल्ट ढिला राहिला असणार. नवनाथ, तू आवळला होतास ना?"

नवनाथचं तोंड उघडं पडलं. विजयश्रीने ते तोंड ओळखलं. ते एके काळी तिचं होतं.

"गाडीला कुणी हात लावू नका," ती म्हणाली.

तिने गर्दी बाजूला केली. पाना उचलायचा नव्हता. ती चिखलात गुडघ्यावर बसली आणि स्टीअरिंगच्या बोल्टला उघडी बोटं लावली. मग अण्णांची बोटं धरून तिथे नेली. मग नवनाथची. मग छत्रीतून हात बाहेर काढून साहेबांनी स्वतः लावली.

"घट्ट आहे," साहेब म्हणाले.

"आता तू," ती निरंजनला म्हणाली.

तो वाकला. बोटं लावली. पाणी त्याच्या नाकावरून ठिबकत होतं.

"घट्ट आहे."

"आणि त्या वेळचा?"

पाऊस पत्र्यावर वाजत होता. सगळे तेच होते. तेव्हा ऐकून घेतलेले, मान हलवलेले, गाड्या परत नेलेले.

"विजू, जाऊ दे ना आता..."

"त्या वेळचा."

"घट्ट होता," तो पुटपुटला.

"पाऊस आहे. ऐकू नाही आलं."

"घट्ट होता! चूक माझी होती! झालं?"

दूर, रेस संपायच्या रेघेपाशी, स्वरूपा हेल्मेट काखेत धरून एकटीच उभी होती. आपण जिंकलो हे कुणीतरी येऊन सांगेल म्हणून वाट बघत होती. विजयश्रीला ती दिसली. तिने हात वर केला: आलेच.

मग निरंजनकडे वळली.

"तिकडे भज्यांच्या गाडीपाशी थांबलेत ना, त्यांच्यापर्यंत नाही पोचलं," ती म्हणाली. "पुन्हा."