टीनाच्या गालातला दोरा

आमच्या टीनाला गालात दोरे घालून घ्यायची अवदसा कुठून आठवली कोण जाणे. मला विचारलं असतं तर दारातच आडवी झाले असते. पण मला विचारतं कोण? मी तिची मोठी बहीण. नाटकाच्या हंगामात तिच्या साड्या सांभाळायच्या, केस बांधायचे, खोबरेल तेलाने तोंडावरचा रंग काढायचा, एवढंच माझं काम.

टीना पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांतली हिरोईन. दिवाळीपासून होळीपर्यंत आज हे गाव, उद्या ते. चाळिशी उलटली तरी पोस्टरवर तिचाच फोटो मोठा. यंदा मंडळीचे मालक इंद्रकुमार सहज म्हणाले, "टीनाबाई, औंदा फोटो नवा काढू." ते तिच्या जिव्हारी लागलं. हिरोईनचं काम हातचं जाणार या भीतीने ती गुपचूप गोंदियात एका ब्युटी क्लिनिकात गेली. तिथल्या बाईने सुईने गालांत दोरे ओवून कातडी वर ओढली. दोरा आपोआप विरघळेल, म्हणाली. महिनाभर तोंड मोठं उघडायचं नाही, गाल चोळायचे नाहीत, असंही म्हणाली.

नाटकवालीने तोंड उघडायचं नाही! आणि दुसऱ्याच आठवड्यात केशोरी गावात प्रयोग.

दुसऱ्या अंकात नवरा तिला घराबाहेर काढतो. त्या प्रवेशाला बायका पदराने डोळे पुसतात, प्रेक्षकांतून पैशांची बक्षिसं येतात, माईकवर देणाऱ्यांची नावं पुकारतात. त्या दिवशी टीना रडली, पण डावा गाल जागचा हलला नाही. डोळ्यांत पाणी आणि अर्धं तोंड हसल्यासारखं. पुढच्या पोरी फिदीफिदी हसल्या, मग मागचेही हसले. एकही बक्षीस आलं नाही. मी पडद्याआड उभी होते. मला तिची लाज वाटली, आणि हसणाऱ्यांचा संताप आला.

मग नेहमीसारखे मी तिचे गाल तेलाने खसाखसा चोळले. ती कळवळली. "हळू ना ताई," एवढंच म्हणाली.

पुढे गाल सुजला. कानशिलापाशी दोऱ्याचं टोक बाहेर आलं, पू यायला लागला. तेव्हा कुठे तिने मला सगळं सांगितलं. क्लिनिकवालीने आधी बर्फ लावायला सांगितलं, नंतर फोन उचलणंच सोडलं. शेवटी आमच्या मुर्री गावाहून ऑटो करून मी टीनाला गोंदियातल्या सर्जनकडे नेलं.

"अंदर पक गया है," ते म्हणाले. "धागा आज ही निकालना पड़ेगा. किसी ने रगड़ा था क्या?"

मी हात पदराखाली घेतले. टीनाने माझ्याकडे न बघता मान हलवली. "नहीं."

"निशान रहेगा. स्टेज अभी भूल जाइए."

बाहेर बाकड्यावर बसल्यावर मी चिडून विचारलं, "कायले केलं वो हे?"

"तुले नाही समजाचं, ताई," ती म्हणाली. "तुहा फोटो कोनी बदलवून नाही राहिला."

मी थकले होते, तीही थकली होती.

दोरा निघाला. गालावर पट्टी बांधून बाहेर आली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवून ती रडली. दुखत होतं तरी रडली. डावा ओठ थरथरला, हनुवटी वाकडी झाली, कपाळावर सगळ्या आठ्या उमटल्या. केशोरीला हवं होतं ते रडणं हे होतं, आणि बघायला मी एकटी.

तेवढ्यात इंद्रकुमारांचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"हिरोईनचं काम आता नवी आलेली खुशबू करून राहिली. टीनाबाई बऱ्या झाल्या की आईचं काम त्याईचं. चालते का, विचारा."

त्या आईला दोन प्रवेश आणि पांढऱ्या केसांचा टोप. चार शब्द सुनावून मी फोन ठेवणार होते. टीनाने माझा हात धरला.

"विचार त्याले," ती दात न उघडता पुटपुटली, "आईले रडाचं किती हाये?"

मी विचारलं.

"शेवटचा प्रवेश पुरा तिचाच हाये," ते म्हणाले. "पोरगी मरते ना."

टीनाने डोळे पुसले, पट्टी चाचपली.

"येतो म्हन."