भोंग्यात अडकलेला शब्द

मी एक पितळी भोंगा. जहाजावरचा अधिकारी ज्यातून ओरडून हुकूम सोडतो, तो. आयुष्यभर मी दुसऱ्याचं बोलणं मोठं करून सांगितलं. स्वतःचं बोलायची ही पहिलीच वेळ, तेव्हा काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

कील बंदरातल्या एका तांबटाने मला घडवलं. तरुण लेफ्टनंट एवाल्ड ट्रेस्को मला घ्यायला आला, तेव्हा तांबट म्हणाला, "भोंगा चोख आहे, साहेब. पण चुकीचं बोललात तर तेही लांबवर जाईल."

ट्रेस्को हसला आणि त्याने माझ्या काठावर स्वतःचं नाव कोरून घेतलं.

माणूस वाईट नव्हता. हे मी त्याच्यासाठी सांगतोय की स्वतःसाठी, ते मला नीट कळत नाही. वादळात तो सगळ्यांच्या शेवटी जेवायचा. आपल्या वाट्याची रम आजारी खलाशाला द्यायचा. हुकूम देण्याआधी मला बाहीने पुसायचा.

आता ते सांगायलाच हवं.

त्या काळी आमच्याकडे हुकूम जहाजाला नसे, सुकाणूच्या दांड्याला असे. दांडा डावीकडे लोटला की जहाज उजवीकडे वळतं. म्हणून जहाज उजवीकडे न्यायचं तर ओरडायचं 'डावीकडे'. नवख्यांचा गोंधळ व्हायचा, मग जीभ सरावायची. ट्रेस्कोची जीभ दहा वर्षं सरावलेली होती.

ऑक्टोबरातली धुक्याची सकाळ. आम्ही कीलच्या खाडीत शिरत होतो. पुढचा पहारेकरी ओरडला, "होडी, डाव्या अंगाला." जहाज उजवीकडे काढायचं होतं. ट्रेस्कोने मला तोंडाला लावलं. पण घाबरलेलं तोंड डोळ्यांचं ऐकतं. जिकडे जायचं होतं तीच दिशा त्याच्या तोंडून निघाली, आणि मी ती मोठी केली.

सुकाणूवर डेटलेफ थीसेन होता, वीस वर्षं नोकरी झालेला जुना माणूस. तो क्षणभर थबकला. मग ऐकलं तसा दांडा लोटला. जहाज डावीकडे वळलं आणि होडी त्याच्या पुढच्या टोकाखाली गेली. लाबो गावचे दोन भाऊ होते तिच्यात. त्यांची एक टोपी तेवढी सापडली.

चौकशीत मला टेबलावर ठेवलं होतं.

"तुम्ही कोणता शब्द उच्चारलात?" न्यायाधीशांनी ट्रेस्कोला विचारलं.

"डावीकडे," ट्रेस्को म्हणाला. "थीसेनने चुकीचं ऐकलं."

"थीसेन, तुझं काय म्हणणं?"

"साहेब म्हणतात तर तसंच असेल. पण मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही, साहेब."

थीसेनला नौदलातून काढलं. तो खाडीत नाव वल्हवू लागला. मी त्या टेबलावर न्यायाधीशांकडे तोंड करून पडलो होतो, आणि गप्प होतो. पुढे मी स्वतःला समजावत राहिलो की माझ्याच पत्र्यात काही दोष असेल, शब्द माझ्यातच उलटला असेल. फार वर्षं समजावलं.

ट्रेस्को कप्तान झाला, मग अॅडमिरल. त्याने मला पुन्हा कधी तोंडाला लावलं नाही.

सत्तरीत त्याला ऐकू येईनासं झालं. त्याच्या बायकोने, ओटिलीबाईंनी, मला पेटीतून काढलं आणि माझं निमुळतं टोक त्याच्या कानाला लावलं. "जन्मभर लोकांवर ओरडलात," त्या म्हणाल्या, "आता लोकांचं ऐका."

एका रविवारी दुपारी थीसेन आला. म्हातारा झाला होता. कागदात गुंडाळलेले, धुरी दिलेले मासे बाईंच्या हाती देऊन तो माझ्याकडे वाकला.

"साहेब, मी भांडायला नाही आलो. पण चाळीस वर्षं झाली, कुणी हाक मारली तरी मी दोनदा विचारतो. आमची बायको म्हणायची, तुझा अर्धा जन्म 'काय म्हणालीस' यातच गेला. एवढंच सांगा. त्या सकाळी शब्द कोणता होता? माझे कान चांगले होते ना?"

एकेक अक्षर माझ्यातून स्वच्छ गेलं.

"काय म्हणालास?" ट्रेस्को म्हणाला. "नीट ऐकू येत नाही. भोंगा जुना झालाय."

थीसेन सरळ झाला. मग टोपी उचलली. "असू दे, साहेब. म्हणजे दोघांचेही कान गेले म्हणायचे." दारातून वळून म्हणाला, "मासे आजच खा."

ते कुणी खाल्ले नाहीत.

आता दोघेही नाहीत. मी कीलच्या संग्रहालयात काचेआड आहे. खाली पाटी आहे: 'अॅडमिरल ट्रेस्को यांचा भोंगा. त्यांचे हुकूम स्पष्ट असत.' ते खरंच आहे, आणि त्याचीच मला लाज वाटते.

लाबो इथून नावेने फार लांब नाही. तिथल्या दफनभूमीत थीसेन आहे. कधी गेलात तर त्याच्यापाशी जरा वाका आणि माझा निरोप सांगा, हळू सांगितलात तरी चालेल. शब्द 'उजवीकडे' होता, डेटलेफ. तुझे कान चांगले होते.