एकोणतीस टवके

गाडी विकली गेली. रविवारी संध्याकाळी साडेपाचला एक टकला गृहस्थ चावी खिशात टाकून ती घेऊनसुद्धा गेला. पण हे तुम्ही ऐकलंच नाही. कारण आता त्याच रविवारच्या सकाळचे नऊ वाजलेत, पांढरी गाडी अंगणात उभी आहे आणि निवृत्त ड्राफ्ट्समन बॉनेटवर बोट फिरवत रंगाचे उडालेले टवके मोजतोय.

"एकोणतीस," तो म्हणाला.

"रंगवल्यावर एकही दिसता कामा नये," मुलगा म्हणाला. "दिसला तर तुमची नजर गेली, बाबा. गाडी विकायची. परवा फाटकाला ठोकलीत."

"फाटक अर्धवट उघडं होतं. त्याला सांग नीट उभं राहायला."

मुलाने स्टुलावर दोन बाटल्या ठेवल्या. एक पांढऱ्या रंगाची, दुसरी क्रीम. लेबलं त्याने आधीच खरवडून काढली होती. "घ्या. तुमचा रंग तुम्हीच निवडा."

चाळीस वर्षं पुलांचे नकाशे काढलेल्या माणसाने दोन्ही बाटल्या उन्हात धरल्या, मान वाकडी करून निरखल्या आणि ऐटीत क्रीम उचलली.

"अहो..." बायको म्हणाली. मुलाने ओठांवर बोट ठेवलं. तिने निमूटपणे वाक्य दुसरीकडे वळवलं, "चहा टाकू का?"

हात मात्र अजून सोन्याचा. टवक्याची कड पॉलिश पेपरने घासायची, पुसायची, टूथपिकच्या टोकावर थेंब घ्यायचा आणि अलगद सोडायचा. थेंबाची काय बिशाद काठाबाहेर जायची! सुकला की दुसरा हात. घरची मंडळी आळीपाळीने खिडकीत येऊन बघून गेली. सुनेने फोटो काढले. शेजारी खास बोलावल्यासारखे आले, "वा काका, मानलं!" म्हणाले आणि कोपऱ्यावर जाऊन हसले. काका जेवायलाही उठले नाहीत.

चार वाजता त्याने सगळ्यांना अंगणात उभं केलं. "हं, शोधा! एक जरी सापडला तरी चावी तुमची."

"आजोबा," पाच वर्षांची नात म्हणाली, "गाडीला गोवर आलाय."

आधी सून हसली, मग सगळेच. तोही हसला, जरा उशिरा. मग बायकोकडे वळला.

"तुला दिसत होतं?"

"सकाळपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खुशीत होतात हो."

त्याने बोटं पुसली आणि चावी मुलाच्या तळहातावर ठेवली.

"हात छान आहे हां अजून," मुलगा म्हणाला.

गाडी गेल्यावर ड्राफ्ट्समनने जेवणाच्या टेबलाशी बसून परिवहन कार्यालयाला अर्ज लिहायला घेतला. अक्षर छापल्यासारखं, ओळी आखल्यासारख्या. कागद पांढरा, टेबलाचा सनमायका क्रीम. कागद संपला तरी पेन चालूच राहिलं. सून ओलं फडकं घेऊन शेजारी उभी होती, त्याची सही होईपर्यंत थांबायचं म्हणून. सनमायकावर उतरलेली ओळ अशी:

'तरी सदर वाहनाच्या नोंदीत रंग "पांढरा" याऐवजी "अर्जदारास दिसतो तो" अशी दुरुस्ती करून मिळावी, ही नम्र विनंती.'