अंधाऱ्या खिडकीची वही

मार्लिस ओस्टबीच्या सात प्रेमकादंबऱ्या आजवर निघाल्या होत्या आणि सातही किराणा दुकानांत, च्युइंगगमच्या शेजारच्या फळीवर विकल्या गेल्या होत्या. तिला त्याची लाज नव्हती. आठवीसाठी न्यूयॉर्कच्या संपादिकेने, पेट्राने, फर्माईश केली: आजची बाई शंभर वर्षं मागे जाते, नवी वस्ती होत असलेल्या माळावर तिला एक देखणा गडी भेटतो आणि ती तिथेच राहते. उत्तर डकोटात बासष्ट हिवाळे काढलेल्या मार्लिसला हसू आलं. उणे तीस अंशांत बाहेरच्या संडासला जाऊन आल्यावर कुठला गडी देखणा दिसतो? पण तिने हो म्हटलं, कारण असली गोष्ट तिच्या घरातच होती.

गोष्ट तिच्या पणजीची, गुनहिल्डची. १९०६ साली बावीस वर्षांच्या गुनहिल्डने एकटीने सरकारकडून एकशे साठ एकर माळ घेतला. पाच वर्षं तिथे राहायचं, नांगरायचं, की जमीन आपली. बाईमाणूस एकटं असलं तरी चालायचं. अर्ध्या मैलावर हाल्वर नावाच्या शेजाऱ्याचा तुकडा होता. त्याच्या दारातून तिची खिडकी दिसायची. तो रोज संध्याकाळी त्या खिडकीकडे बघायचा आणि वहीत एक रेघ ओढायचा. एक अख्खा हिवाळा त्याने असा काढला आणि पुढे त्यांचं लग्न झालं. वहीत शब्द एकही नव्हता, नुसत्या तारखा आणि रेघा. घरातली प्रत्येक मुलगी लग्नात फुलांबरोबर ती वही हातात धरून उभी राहायची. मार्लिसची आई आर्डिस राहिली. मार्लिसही राहिली.

मार्लिसचा नवरा डेल बोलत नसे. सुरुवातीला तिने आईकडे तक्रार केली, तेव्हा आर्डिस म्हणाली होती, आपल्याकडचे पुरुष बोलत नाहीत, बघतात; हाल्वर तरी कुठे बोलला होता? झालं. मार्लिस बावीस वर्षं त्या मुखदुर्बळ माणसाच्या गप्प बसण्यात प्रेम शोधत राहिली. डेल बघत होता हे खरं, पण टीव्हीकडे, आणि शेवटची चार वर्षं दाताच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टकडे. घटस्फोटानंतरही मार्लिसने दोष वहीला दिला नाही. आपलंच नशीब फुटकं, पण असं प्रेम जगात असतं याचा पुरावा आईच्या कपाटात आहे, एवढ्यावर तिने सात पुस्तकं लिहिली.

आता आठव्यासाठी तिला बारीकसारीक तपशील हवे होते. घराला खिडक्या किती, शेगडी कुठली. असलं सगळं जमिनीच्या जुन्या सरकारी कागदांत असतं, म्हणून तिने गुनहिल्डच्या फाइलची नक्कल मागवली. पाकीट आल्यावर कॉफीचा मग शेजारी घेऊन ती मजेत वाचायला बसली. घर बारा बाय चौदा फूट, दार एक, खिडकी एक, नांगरलेली जमीन अकरा एकर. मग एक वेगळा कागद निघाला. तक्रारअर्ज. तक्रारदार हाल्वर.

सलग सहा महिने जागेवर राहिलं नाही की हक्क जायचा, आणि जो ते सिद्ध करून देईल त्याला ती जमीन मागायचा पहिला मान. हाल्वरने लिहून दिलं होतं, की सदर बाई १९०८च्या २० ऑक्टोबरपासून पुढच्या एप्रिलअखेरपर्यंत जागेवर नव्हती. पुरावा म्हणून वहीची नक्कल जोडली होती. दिवा न लागलेल्या रात्री, एकशे त्र्याण्णव. शेवटच्या पानावर शिक्का होता: तक्रार मागे घेतली. मार्लिसने तारीख बघितली. लग्नानंतरचा दुसरा दिवस.

तिने तो कागद तीनदा वाचला. मग तिला राग आला, आणि हाल्वरचा नव्हे, स्वतःचा आला. लग्नातला स्वतःचा फोटो तिला आठवला: पांढऱ्या झग्यात, हसत, एका चुगलखोराचं टिपण छातीशी धरून.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला ती आईच्या वृद्धाश्रमात गेली. तीनला तिथे कॉफी असते. आर्डिस एक्क्याण्णव वर्षांची, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. मार्लिसने कागद तिच्या मांडीवर ठेवला. आर्डिसने चष्मा लावला, शिक्का बघितला आणि चष्मा काढला.

"सहा महिने नव्हतीच ती," आर्डिस म्हणाली. "खायला नव्हतं घरात. रेल्वेच्या गावी हॉटेलात स्वयंपाकाला गेली, आणि मग बर्फाने रस्ते बुडवले."

"तुला माहीत होतं?"

"आजीनेच सांगितलं. माझं लग्न ठरल्यावर, लेफ्सं लाटताना, बटाट्याच्या त्या पोळ्या. हाल्वरने तिला म्हटलं, जमीन जाऊ दे नाहीतर माझ्याशी लग्न कर. तिने जमीन धरली. म्हणजे तिला तसं वाटलं. लग्नानंतर कागदावर नाव कुणाचं लागलं ते तू शोध, तुला हौस आहे."

"आणि तरी तू ती वही माझ्या हातात दिलीस."

"चर्चमध्ये दोनशे माणसं बसली होती, खाली तळघरात हॅमची सँडविचं तयार होती. तेव्हा सांगू?"

"आधी सांगायचंस. नंतर सांगायचंस. मी बावीस वर्षं त्या घरात राहिले, आई."

आर्डिसने कागदाची घडी घातली. शेजारच्या टेबलावर कुणीतरी हवामानाबद्दल बोलत होतं. आर्डिस म्हणाली, "मी एकोणपन्नास राहिले." तुझे वडील वाईट नव्हते, असंही तिने वर जोडलं, पण तिचा आवाज तसं म्हणत नव्हता.

मार्लिसला आईची दया यायला हवी होती. आली नाही. तीन बायकांनी एकमेकींच्या हातात तेच खोटं फुलांत गुंडाळून दिलं, आणि त्यातली तिसरी तर ते छापून विकत होती.

"मग पुस्तकाचं काय?" आर्डिसने विचारलं.

पुस्तक मार्लिसला आदल्या रात्रीच सुचलं होतं. सकाळी तिने पेट्राला फोनवर सांगितलंही होतं. पेट्राने नायक कोण असं विचारलं, मार्लिस म्हणाली नायक नाही, आणि पेट्राने कळवते म्हणून फोन ठेवला होता.

"आजची बाई मागे जाते," मार्लिस म्हणाली. "१९०९च्या जानेवारीत, भर बर्फात. गुनहिल्डच्या रिकाम्या घरात शिरते आणि एक रात्र दिवा लावते. एकच रात्र. सहा महिने तिथेच तुटतात. हाल्वरची वही फुकट."

"आणि गुनहिल्ड?"

"मे महिन्यात परत येते. जमीन तिची. लग्न करायची गरज नाही."

आर्डिसने कप खाली ठेवला. तिच्या डोक्यात हिशोब चालला होता. "मग माझा बाप जन्मत नाही."

"नाही."

"मी नाही. तू नाहीस."

"नाही."

मार्लिस थांबली. आई आता म्हणेल, हे काय अभद्र लिहितेस, असं तिला वाटलं. आर्डिस खिडकीकडे बघत होती. बाहेर पार्किंगपलीकडे माळ सुरू होत होता.

"तुझ्या त्या बाईला सांग," ती म्हणाली, "आधी दिव्याची काच पूस म्हणावं. आजी सांगायची, काजळी फार धरायची. नाहीतर त्याला अर्ध्या मैलावरून दिसायचा नाही."